अर्जाचा विषय

पदवीच्या पहिल्या वर्षाला ‘उपयोजित मराठी’ शिकवताना अर्जलेखनाचा घटक आला, की आम्ही मुलांना एक गोष्ट न चुकता सांगतो. अर्जाचा सारा प्राण ‘विषय’ या एका ओळीत असतो. ती ओळ ज्याला नेमकी लिहिता आली त्याला उरलेला अर्ज आपोआप लिहिता येतो. गेली पंधरा-सोळा वर्षे आम्ही हे सांगत आलो आहोत आणि मुलेही ते वहीत उतरवून घेत आली आहेत. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी आमच्या मोठ्या मामांनी आमच्याकडून एक अर्ज लिहून मागितला, आणि ती ओळ आम्हांला दोन तास लिहिता आली नाही. पुढे जे लिहीत आहोत ते त्या दोन तासांविषयी.

मामांचे चेलीपुऱ्यात सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. दुकान म्हणजे लाकडी फळ्यांचा एक खण, पंक्चर शोधायची पाण्याची घमेली आणि भिंतीला टांगलेल्या जुन्या रिमा. शहरातून सायकली गेल्या तसे दुकानही आकसत गेले. पण मामा आहेत तोवर ते उघडत राहील. ही त्यांची पोटापाण्याची ओळख. दुसरी ओळख खाकी कपड्यांतली. १९८७ साली ते होमगार्डमध्ये, म्हणजे शासकीय मराठीत गृहरक्षक दलात दाखल झाले आणि तेहेतीस वर्षे त्यात राहिले. दर तीन वर्षांनी पुनर्नोंदणी, आठवड्याची कवायत, आणि बोलावणे आले की बंदोबस्त. वयोमर्यादा ओलांडली तेव्हा त्यांनी गणवेश धुऊन, इस्त्री करून ट्रंकेत ठेवला. निरोप समारंभ झाला नाही. तसा तो व्हायला हवा होता असेही त्यांनी कधी सुचवले नाही.

आमच्या लहानपणी मामांच्या बंदोबस्तावरून आम्हांला पंचांग कळत असे. फाल्गुन वद्य षष्ठीला मामा पैठणला असत, नाथषष्ठीच्या गर्दीत. महाशिवरात्रीला वेरूळला, घृष्णेश्वराच्या रांगेजवळ. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत. खुलताबादच्या जर जरी जर बक्षच्या उरुसात. गणपती विसर्जनाला राजाबाजारात संस्थान गणपतीपासून मिरवणूक निघे तेव्हा, आणि चौदा एप्रिलला भडकल गेटजवळ. सगळ्या धर्मांचे सगळे सण मामांनी पाहिले. पण त्यांतल्या एकाही सणाकडे त्यांचे तोंड नव्हते. बंदोबस्तावरचा माणूस उत्सवाकडे पाठ करून आणि गर्दीकडे तोंड करून उभा असतो. आपल्या साहित्यात उत्सवांची वर्णने पुष्कळ आहेत, ती बहुतेक उत्सवाकडे तोंड करून उभे राहिलेल्यांनी लिहिलेली आहेत. असो.

दोन प्रसंग मात्र पंचांगात नव्हते. मे १९८८ मध्ये शहरात दंगल झाली तेव्हा आम्ही सात-आठ वर्षांचे होतो. संचारबंदीतली ती विचित्र शांतता, गच्चीवरून दिसणारा रिकामा रस्ता, आणि आजीने दाराला लावलेला कान एवढेच आठवते. मामा दलात जाऊन पुरते वर्षही झाले नव्हते. दुसरा प्रसंग १४ जानेवारी १९९४ चा, विद्यापीठाच्या नामविस्ताराचा. त्या दिवशी सगळ्या मराठवाड्याचा श्वास अडकलेला होता. विद्यापीठाच्या नावासाठी माणसांनी काय सोसले, हे आज त्याच विद्यापीठाच्या पदवीवर शिकवणाऱ्या आम्हा लोकांना पुस्तकातून ठाऊक आहे. मामांना ते पायांच्या दुखण्यातून ठाऊक आहे. सलग किती तास उभे होतो, हे ते आजही सांगतात. नामांतराबाबत आपले मत काय होते, हे मात्र सांगत नाहीत. ‘ड्युटीवर मत नसतंय,’ म्हणतात.

आणखी एक प्रसंग सांगितलाच पाहिजे, कारण अर्जाची खरी सुरुवात तेथून झाली असे आम्हांला वाटते. २९ ऑक्टोबर २०१६, लक्ष्मीपूजनाचा आदला दिवस. औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेच्या मैदानावर फटाक्यांचा बाजार भरला होता. दिवसाढवळ्या आग लागली आणि पाहता पाहता शंभरावर दुकाने भस्म झाली, शेजारी उभी असलेली वाहने जळाली. शहरातल्या पुष्कळांनी तो धूर आपापल्या गच्चीवरून पाहिला असेल. मामा दिवाळीच्या गर्दीच्या बंदोबस्तावर जवळच होते. फटाके सर्व दिशांनी उडत असताना बघ्यांना मागे रेटणे, बंबाला वाट करून देणे आणि सांगितले तेव्हा पाण्याचा पाइप ओढायला हात लावणे, एवढे त्यांचे काम. बंबावर होता त्यांचाच एक जुना जोडीदार. दोघे एकाच वर्षी दलात दाखल झालेले, एकाच मैदानावर कवायत शिकलेले. जोडीदार नव्वदीच्या सुरुवातीला अग्निशमन दलात लागला; मामांनी वय उलटून जाईपर्यंत प्रयत्न केले आणि सोडून दिले. त्या दिवशी दोघांनी एकच पाइप धरला, एकच धूर गिळला. मामांच्या उजव्या हाताच्या मनगटाला भाजले, जोडीदाराच्या मानेला.

जोडीदार यथाकाळ निवृत्त झाला. त्याला निवृत्तिवेतन आहे. रविवारी दोघे पदमपुऱ्यातल्या टपरीवर बसतात, आणि पहिल्या आठवड्यातला चहा जोडीदार पाजतो. ‘त्याची पेन्शन झाली,’ असे मामा घरी येऊन सांगतात. त्यात असूया नसते. पण गेल्या पावसाळ्यातल्या त्या रविवारी ते टपरीवरून परस्पर आमच्याकडे आले, खाटेवर प्लॅस्टिकची पिशवी ठेवली आणि म्हणाले, ‘तू मराठीचा प्राध्यापक आहेस. एक अर्ज लिहून दे. मला बी काहीतरी मिळायला पाहिजे.’

आम्ही कागद घेतला. प्रति, महोदय, वगैरे झाले. ‘विषय’ लिहून दोन टिंबे दिली आणि थांबलो.

‘सेवानिवृत्तिवेतन मिळण्याबाबत’ असे लिहावे, तर निवृत्त होण्यासाठी आधी सेवेत असावे लागते. मामा सेवेत नव्हते. त्यांना सेवापुस्तक नव्हते, सेवाज्येष्ठता नव्हती, सेवाखंड नव्हता. आणि गंमत अशी की, ज्या दलात ते तेहेतीस वर्षे होते त्याचे ब्रीदच मुळी ‘निष्काम सेवा’ असे आहे. एकच शब्द, टोपीवरच्या बोधचिन्हात आहे आणि दप्तरात नाही. भाषेच्या अध्यापकाला यापेक्षा चांगला नमुना मिळणार नाही. वर्गात आम्ही अनेकार्थी शब्दांची उदाहरणे म्हणून ‘कर’ आणि ‘मान’ सांगत बसतो. ‘सेवा’ हा शब्द आजवर आमच्या यादीत नव्हता.

या दलाचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. १९४६ च्या डिसेंबरात, मुंबईत जातीय दंगली चाललेल्या असताना, पोलिसांच्या मदतीला नागरिकांचे एक स्वयंसेवी दल उभे करण्यात आले. ६ डिसेंबर हा दिवस आजही होमगार्डचा वर्धापनदिन म्हणून पाळला जातो. पुढच्या वर्षी त्यासाठी मुंबई प्रांताने कायदा केला, तो १९४७ चा. कल्पना उदात्त होती. शिक्षक, दुकानदार, कारकून यांनी आपापला धंदा सांभाळून संकटकाळी शहरासाठी उभे राहावे. उपजीविका दुसरीकडे आहेच, हे त्यात गृहीत धरलेले होते, आणि आजही खासगी नोकरीतल्या उमेदवाराकडून मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र मागतात ते त्याच गृहीतकावर. पण १९४६ च्या मुंबईतला स्वयंसेवक आणि आजच्या मराठवाड्यातला होमगार्ड हे एकच नव्हेत. कवायतीच्या मैदानावर कधी गेलात तर दिसेल, तेथे शेतमजूर आहेत, रिक्षावाले आहेत, पदवी घेऊन पोलीसभरतीची वाट पाहणारी आमचीच मुले आहेत. तीन वर्षांची सेवा झाली, की पोलीस, वन आणि अग्निशमन या खात्यांच्या भरतीत पाच टक्के आरक्षण असते. त्या पाच टक्क्यांसाठी किती जण बंदोबस्तात तरुणपण काढतात, हे आमच्या वर्गातल्या गैरहजेरीवरून आम्हांला कळते.

मराठवाड्यापुरती या विषयाला आणखी एक कडू किनार आहे. उर्दूत स्वयंसेवकाला ‘रझाकार’ म्हणतात. शब्दाचा अर्थ एवढाच, की स्वखुशीने काम करणारा. आमच्या आजीच्या पिढीला मात्र १९४८ च्या सप्टेंबरनंतरही तो शब्द ऐकला की दार लावून घ्यावेसे वाटे. स्वखुशीने हाती काठी घेतलेला माणूस कोणाच्या बाजूने उभा आहे, हा प्रश्न या भूमीला अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून मामा भरती झाले तेव्हा आजी पहिल्यांदा विचारती झाली, ‘सरकारी आहे ना?’ मामांनी होय म्हटले. ते खरेही होते आणि नव्हतेही. बंदोबस्तावर असताना ते सरकारी. घरी आले की सायकलवाले.

तर मग ‘मानधन’? हा शब्द आम्हांला पूर्वी फार सुरेख वाटे. मान आणि धन यांचा असा समास दुसऱ्या किती भाषांत असेल कोण जाणे. व्याख्यानाला गेलो की पाकिटावर तो लिहिलेला असतो आणि आपण ते पाकीट न मोजता खिशात घालतो. पण हाच शब्द अंगणवाडीताईच्या, आशाताईच्या, होमगार्डच्या वाट्याला येतो तेव्हा त्याचे काम उलट असते. धन थोडे आहे हे झाकण्यासाठी तेथे मान पुढे केलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, असा निकाल दिला. त्यात या शब्दाचाही निकाल लागला: नाव मानधन असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते वेतनच, असे न्यायालयाने धरले. शब्दांची चिकित्सा करून पोट भरणाऱ्या आम्हांला हे जमले नव्हते, न्यायालयाने ते केले.

होमगार्डच्या बाबतीत न्यायालय इतके पुढे गेलेले नाही. ११ मार्च २०१५ च्या निकालात, हिमाचल प्रदेशातून आलेल्या प्रकरणात, त्यांना नियमित कर्मचारी म्हणता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पण त्याचबरोबर, कर्तव्य भत्ता इतका असावा की तीस दिवसांची बेरीज पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतकी व्हावी, असेही सांगितले. महाराष्ट्रात २०२४ च्या ऑक्टोबरात दिवसाचा भत्ता ५७० रुपयांवरून १०८३ रुपये झाला. वाढ चांगली घसघशीत आहे, आणि ती ज्यांच्या पदरात पडली त्यांच्यासाठी आम्हांला आनंद आहे. पण भत्ता बोलावल्या दिवसाचा असतो. ज्याला आता कोणी बोलावणार नाही त्याच्यासाठी त्या निकालात काही नाही, त्या वाढीतही नाही.

मामांना हे सगळे समजावून सांगत असताना आम्हांला आमचीच एक आठवण सतावत होती. आम्ही नोकरीला लागलो ते १ नोव्हेंबर २००५ नंतर. त्या तारखेनंतर लागलेल्यांची जुनी निवृत्तिवेतन योजना राज्य शासनाने बंद केली, हे येथल्या बहुतेक वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्यांच्या पगारपत्रकावर ते दरमहा छापून येते. मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, चौदा तारखेपासून सात दिवस. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा आम्हीही दिली. घोषणेतल्या यमकाची चेष्टा करावी असा आमचा पिंड, पण त्या दिवशी घसा बसेपर्यंत दिली. मोर्चाच्या कडेला मामा उभे होते. सवयीने ते मोर्चाकडे नव्हे, रस्त्याकडे तोंड करून उभे होते. नंतर रसवंतीवर भेटले तेव्हा म्हणाले, ‘तुम्हाला मिळायलाच पाहिजे. पोरं शिकवता तुम्ही.’ आम्ही सहज विचारले, ‘आणि मामा, तुम्हाला?’ ते म्हणाले, ‘आमची कुठं नोकरी होती?’

त्या वाक्यात टोमणा असता तर बरे झाले असते. टोमण्याला उत्तर देता येते. आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारे एक सहकारी आहेत, आमच्याइतकेच शिकलेले, कदाचित आमच्याहून चांगले शिकवणारे. तेही मोर्चाला आले होते, आणि घोषणा देत होते. कोणत्या पेन्शनसाठी, हे आम्ही त्यांना विचारले नाही.

अर्ज लिहिण्यापूर्वी दोन-तीन दिवसांची मुदत मागून घेतली आणि आमच्या सवयीप्रमाणे वाचायला लागलो. जगात असे कोठे आहे काय, की माणूस स्वयंसेवकच राहतो आणि तरी म्हातारपणी त्याला काही मिळते? आहे. अमेरिकेत आग विझवणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक आजही बिनपगारी आहेत. ती परंपरा बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात शेजाऱ्यांना जमवून काढलेल्या मंडळीपर्यंत मागे जाते. गावातला सुतार, शिक्षक, किराणावाला भोंगा वाजला की हातातले काम टाकून बंबाकडे धावतो. अशा लोकांसाठी तेथील अनेक राज्यांत प्रदीर्घ सेवेच्या गौरवाची योजना असते. न्यूयॉर्क राज्यात ती गुणांवर चालते. आगीच्या हाकेला धावून गेल्याचे गुण, कवायतीचे गुण, प्रशिक्षणाचे, सभेला हजर राहिल्याचेसुद्धा गुण. वर्षाला पन्नास गुण झाले की सेवेचे एक वर्ष खात्यावर जमा. ठरावीक वय झाले, की जितकी वर्षे जमा तितक्या पटीत दरमहा काही डॉलर. रक्कम मोठी नसते. केंद्रीय करकायद्याने एका वर्षाच्या सेवेपोटी साठवायच्या रकमेवर मर्यादा घातलेली आहे. ती तीन हजार डॉलर होती, २०१७ च्या कायद्याने सहा हजार केली. तिला कोणी पगार म्हणत नाही, आणि ती घेणाऱ्याला कोणी नोकर म्हणत नाही. जर्मनीत तर दहा लाखांच्या आसपास लोक स्वयंसेवी अग्निशमन दलांत आहेत, आणि थुरिंजियासारख्या राज्यात त्यांच्यासाठी छोटे पूरक निवृत्तिवेतन आहे.

गुण हा शब्द वाचून वाचकांतल्या प्राध्यापकांच्या पोटात गोळा आला असेल, त्याची आम्हांला कल्पना आहे. २०१० च्या नियमावलीनंतर चर्चासत्रांची प्रमाणपत्रे गोळा करीत आपण सगळे कसे हिंडलो, हे आपल्यालाच ठाऊक. गुण मोजायला लागले की माणसे गुणांसाठी काम करू लागतात, हा आक्षेप आम्ही स्वतःच्या अनुभवाने मान्य करतो. पण गुण न मोजण्याचा परिणाम काय होतो, तोही त्या रविवारी आमच्या खाटेवर प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलेला होता.

एक अधिक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. पैसा आला की स्वयंस्फूर्ती मरते. रिचर्ड टिटमस या इंग्रज अभ्यासकाने १९७० साली रक्तदानावर एक पुस्तक लिहून हा मुद्दा मोठ्या ताकदीने मांडला होता. ब्रिटनमध्ये रक्त दान म्हणून मिळते, अमेरिकेत पुष्कळसे विकत मिळते; विकतच्या व्यवस्थेत रक्तही वाईट मिळते आणि देण्याची वृत्तीही खचते, असे त्याचे म्हणणे. आम्हांला ते बऱ्याच अंशी पटते. होमगार्डला तासाप्रमाणे दर लावा, असे आम्हीही म्हणणार नाही. पण टिटमसचा प्रश्न देण्याच्या क्षणाचा आहे. ज्याने तेहेतीस वर्षे देऊन झाले, ज्याची स्फूर्ती आता मरायला शिल्लकच नाही, त्याला काही दिले तर नेमके काय बिघडते? उलट ब्रिटनमध्येही रक्तदात्याला निदान एक गोष्ट मिळते. म्हातारपणी त्यालाच रक्त लागले, तर दवाखाना त्याला दारातून परत पाठवीत नाही.

आणि ‘निष्काम’ हा शब्द. फळाची इच्छा न धरता कर्म करावे, हा उपदेश करणाऱ्याला आहे. गीतेत तो अर्जुनाला आहे, नेवाशात बसून ज्ञानदेवांनी तो मराठीत आणला तेव्हाही तो कर्म करणाऱ्या माणसालाच होता. करवून घेणाऱ्याने तो वापरायचा नसतो. मी फळाची आशा ठेवली नाही, हे मामांनी म्हणावे. तुम्ही फळाची आशा ठेवायची नाही, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगणे म्हणजे तत्त्वज्ञान नव्हे, काटकसर आहे. आपल्याकडे ही काटकसर जुनी आहे. महार वतनात गावाने आणि सरकारने अष्टौप्रहर राबवून घ्यायचे, मोबदल्यात नाममात्र बलुते द्यायचे आणि वर तो तुमचा हक्क, तुमचा मान असे सांगायचे. १९२८ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या मानाचे खरे रूप ओळखून. वतन जन्माने गळ्यात पडे आणि होमगार्ड माणूस आपखुशीने होतो, हा फरक फार मोठा आहे. दोन्हींना एका मापाने मोजण्याची चूक आम्ही करणार नाही. पण हाक आली की हजर व्हायचे, आणि हजेरीचा हिशेब मात्र हाक देणाऱ्याच्या लहरीवर, एवढा धागा आम्हांला समान दिसतो. मामांच्या नोंदणीच्या कागदालाही ‘सनद’च म्हणतात.

पुढच्या बुधवारी मामा पुन्हा आले. या वेळी पिशवी आम्ही उघडली. सनद, ओळखपत्र, दोन प्रशस्तिपत्रे, आणि खाली चार वह्या. वह्या दुकानातल्या उधारीच्या. पुढून पाहिले तर गिऱ्हाइकांची नावे, ट्यूब, चेन, छर्रे, बाकी रुपये. उलटून मागच्या बाजूने पाहिले तर तारखा. लाल पेनाने, एकेका ओळीत: पैठण तीन दिवस. कर्णपुरा नऊ. निवडणूक, कन्नड, दोन. क्रांती चौक, एक. कोठे टिपणी नाही, विशेषण नाही. २०१६ च्या पानावर ‘औरंगपुरा, आग’ आणि पुढे ‘१’. त्या एका आकड्याच्या मागे पुढच्या बाजूची उधारीची शाई उमटलेली, कोणाचे तरी हँडल आणि साठ रुपये.

पाचवी वहीही होती, ती वाळवीने खाल्ली. म्हणजे १९९० च्या आसपासची काही वर्षे गेली. ‘त्या वर्षांचं काय करायचं?’ आम्ही विचारले. मामा म्हणाले, ‘जेवढं हाय तेवढंच लिही. खोटं नको.’

आम्ही मोजत बसलो. मामी चहा ठेवून गेल्या, आमची मुलगी शाळेतून आली, तिनेही एका वहीची बेरीज केली आणि आमची चूक काढली. बेरीज तीन हजारांच्या थोडी आत थांबली. इतके दिवस एक दुकान बंद होते, असेही ते वाचता येते. आम्ही ते तसे मोठ्याने म्हटले नाही. मामींच्या समोर तर नाहीच. त्यांनी ते बहुधा फार पूर्वीच मोजलेले असावे.

मग विषयाची ओळ. ‘सेवानिवृत्ती’ नाही, ‘मानधन’ नाही, ‘अनुदान’ म्हणावे तर ते संस्थेला मिळते, ‘साहाय्य’ म्हणावे तर ते दुष्काळग्रस्ताला मिळते. ‘मदत’ या शब्दावर मामांनीच मान हलवली. मदत त्यांनी केली होती, मागायची नव्हती. अखेर लिहिले: ‘गृहरक्षक दलात १९८७ पासून तेहेतीस वर्षे बजावलेल्या कर्तव्याबद्दल दरमहा निर्वाहभत्ता मिळण्याबाबत’. मामांनी ते ऐकले आणि ‘मिळण्याबाबत’च्या जागी ‘मिळणेबाबत’ घालायला सांगितले. आम्ही व्याकरण सांगू लागलो, तर म्हणाले, ‘तुझं बरोबर असंल. पण असं लिहिलं तर ते म्हणतील बाहेरच्यानं लिहून दिलं.’ ‘मिळणेबाबत’ लिहिले. शेवटी ‘आपला विश्वासू’ होते, तेही त्यांनी बदलायला लावले. ‘आज्ञाधारक लिही. तेवढं तर खरं आहे.’

अशा अर्जाचे काय होणार, याविषयी आमची काही भाबडी समजूत नाही. अशी योजनाच नसेल तर अर्ज कोणत्या नियमाखाली मंजूर करायचा, हा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्त असेल. तरी सोमवारी पहिला तास दुसऱ्यावर सोपवून आम्ही मामांबरोबर एका कार्यालयात गेलो. खिडकीमागचे गृहस्थ तिशीतले होते. त्यांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, वह्यांच्या झेरॉक्स उलटून पाहिल्या, एका पानावर थांबले आणि म्हणाले, ‘हे हँडलचं काय आहे?’ मामांनी सांगितले की ते मागच्या बाजूचे आहे, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. मग त्यांनी नोंदवही ओढली. अर्जदाराचे नाव लिहिले. पुढे ‘पद’ असा रकाना होता. पेन तेथे अडला. त्यांनी मामांकडे पाहिले, मग आमच्याकडे. मामा सवयीने ताठ उभे होते. ‘होमगार्ड,’ ते म्हणाले. गृहस्थांनी तो शब्द लिहिला, थोडा विचार केला आणि त्यामागे ‘माजी’ असे बारीक अक्षरात घातले.

‘आवक क्रमांक टाकून द्या साहेब,’ मामा म्हणाले. शिक्का बसला. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत मामांनी ती प्रत हातात सपाट धरून ठेवली, मग पिशवीत घातली. बाहेर आल्यावर आम्ही चहाचे विचारले. त्यांनी घड्याळ पाहिले. सकाळी एक पोरगा सायकल लावून गेला होता, मागचे चाक बसले होते, अकराला येतो म्हणाला होता. अकरा वाजून गेले होते.